आपला डबा दाराशी आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

दवाखान्याच्या व्यवस्थापक बाईंनी आज मला समोर बसवलं, पाणी दिलं आणि मग आमचाच डबा पुढे सरकवला. आज दुपारी नमुना म्हणून पाठवलेला. "बोट घालून बघा," म्हणाल्या. घातलं. सूप गारढोण, वर साय धरलेली. बाराचं जेवण त्यांना दोन वाजता मिळालं होतं.

आमच्या स्वयंपाकघरातून निघताना हेच सूप वाफाळत असतं, झाकण लावणारीचा चष्मा धुरकट होतो. आपल्या हातचं अन्न इतकं गार मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं पथ्याचे डबे पोहोचवतेय. कुणाचं ऑपरेशन झालेलं, कुणाला मीठ बंद, कुणाला साखर, कुणी एकटं आणि म्हातारं. या सगळ्यांना मी काय खायला घालत होते मग?

बाई वाईट नाहीत. दवाखान्यातून घरी जाणारे सगळे पेशंट आम्हाला द्यायला तयार आहेत. अट एकच. महिनाभर डबे वेळेवर पोहोचले हे दाखवा, तोंडी नको. परत येताना बाबांना फोन केला. रोज दुपारी करतेच, आज उशीर झाला. "जेवलात का?" "जेवलो." "गरम होतं?" "छान होतं." आज पहिल्यांदा प्रश्न पडला की हे खरं सांगतात का.

६ फेब्रुवारी, गुरुवार

यंत्रवाला येऊन गेला. प्रत्येक डब्याच्या बुडाशी एक चपटी गोल चकती चिकटवायची, ती कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. भांडी घासणाऱ्या बायकांनी लगेच तिचं नाव टिकली ठेवलं. डबा पत्त्यापाशी पोहोचला की ग्राहकाच्या फोनवर आपोआप मेसेज जातो: "आपला डबा दाराशी आहे." खाली दोन खुणा. वेळेवर मिळाला तर हिरवी दाबायची, नाही तर लाल. अन्न किती गरम आहे हेही सांगणाऱ्या टिकल्या मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मी विषय बदलला.

मोठा पडदा माझ्या खोलीत बसवला. भिंत एकच रिकामी होती आणि तिच्यात खिडकी. अंगणात गाड्या भरतात ती बाजू. शेवटी खिडकीवरच ठोकला. नवरा म्हणाला, "आता तुला सगळं गाव दिसेल, फक्त आपलं अंगण सोडून." शाळेत मुलांना शिकवून शिकवून त्याला असं टोचून बोलायची सवय लागली आहे. मी लक्ष दिलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस, आणि माझी मती गुंग झाली आहे.

डब्यांच्या दोन्ही गाड्या निघाल्या. ठिपके सरकताना बघायला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. मग काकांची गाडी गॅरेजच्या पुढच्या झाडाखाली थांबली. थांबली ती थांबलीच. मी चहा घेतला, आचाऱ्याशी उद्याच्या भाज्यांचं बोलले, परत आले, तरी ठिपके तिथेच एकमेकांना चिकटून बसलेले. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर. मी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकते. आणि ते झाडाखाली.

संध्याकाळी विचारलं. म्हणाले, "इंजिन तापलं होतं ताई, पाणी घालून थांबलो." असेल. पण रोजचं असेल, तर ही गाडी रोज तापते आणि मला इतकी वर्षं पत्ताच नाही?

तिथल्या तिथे नियम केला. ठिपका तीनदा उशिरा पोहोचला की फेरी दुसऱ्याकडे. फेरी गेली की त्या फेरीचे वरचे पैसेही गेले. काका गाडीकडे वळले. जवळचे डबे मोटरसायकलवर नेणारा लांब्या मागे गप्प उभा होता. लांब्या गप्प राहिला की काहीतरी बिनसलंय असं समजावं, पण आज मी समजून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांच्या फोनवर सगळं बसवून दिलं. ते नदीपलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, आणि आमच्याकडे चला म्हटलं की ऐकू येत नसल्याचं सोंग घेतात. जन्म बस डेपोत वेळापत्रक सांभाळण्यात गेला. घड्याळाशिवाय यांना भूकही लागत नाही. दुपारी जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन असतं. टोचल्यावर अर्ध्या तासाच्या आत पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर साखर एकदम उतरते. आजवर डबा हातात आला की टोचायचे आणि मग ते लागू पडेपर्यंत भुकेलेले ताटासमोर बसून राहायचे. मी म्हटलं, आता त्याची गरज नाही. मेसेज आला की टोचून घ्या, जिना चढून डबा वर येईपर्यंत वेळ बरोबर जुळेल.

"मेसेजवर भरवसा ठेवायचा?" 

"बाबा, यंत्र आहे ते. त्याला खोटं बोलता येत नाही."

"बरं," म्हणाले. दोन्ही खुणा दाबून बघितल्या. हिरवी दाबल्यावर टिंग असा आवाज येतो, तो त्यांना आवडला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पुलाचं काम निघालंय, एकच बाजू चालू आहे असं काका सांगतात. नकाशात तर रस्ता मोकळा दिसतो. मी त्यांना पडदा दाखवला. त्यांनी पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी आत्ता तिथूनच आलोय, ताई." पण उशीर तो उशीरच. तिसऱ्यांदा झाला होता. पुलापलीकडची फेरी काढून लांब्याला दिली. त्याला मोटरसायकलवर सगळे डबे नेता येणार नाहीत हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. म्हणून परवापासून फेरी परत काकांना देणार आहे, आज फक्त समज मिळाली तरी पुरे.

मन खातंय. काकांनी माझ्या बाळंतपणात मला याच गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. पण नियम सगळ्यांना सारखा नसेल तर करायचा कशाला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मी डोळे चोळून बघितलं. एकूण एक ठिपका वेळेच्या आधी. पुलापलीकडचेसुद्धा. असे भराभर सरकत होते की माझा विश्वास बसेना, यंत्र बिघडलंय म्हणून यंत्रवाल्याला फोन लावला. तो म्हणाला सगळं ठीक आहे, अभिनंदन.

थोडा धाक दाखवला तर माणसं काय करू शकतात. मी थक्क झाले आहे, आणि इतकी वर्षं आपण किती भोळ्या होतो याची लाजही वाटते आहे. काकांना मुद्दाम बोलावून शाबासकी दिली. त्यांनी टोपी काढून परत घातली आणि गेले. कौतुक घेताच येत नाही काही माणसांना.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्याच्या बाई पडदा बघायला आल्या होत्या, आणि नेमकी आजच एक लाल खूण. कोणाची, तर बाबांची. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई हसल्या, म्हणाल्या, "घरचेच नाखूश?"

त्या गेल्यावर फोन केला. मी चढ्याच आवाजात बोलले, इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. "बाबा, तुमचा ठिपका मला दिसतोय, वेळेच्या आधी पोहोचलाय. मग लाल कसं दाबलंत? माझा सगळा महिना या आकड्यांवर उभा आहे."

"पोहोचलेला दिसतोय का तुला?"

"स्पष्ट दिसतोय."

"मग चुकून दाबलं गेलं असेल, बाळ. बोटं जाड झालीत माझी."

नंतर वाईट वाटलं. पण फोन परत केला नाही, तोवर भाजीवाला आला.

५ मार्च, बुधवार

काही लोक तक्रार करतात की मेसेज येतो आणि दार उघडलं तर कुणीच नसतं. अर्ध्या-पाऊण तासाने डबा येतो म्हणे. माणसाला भूक लागली की दहा मिनिटंही तास वाटतो. यंत्रवाल्याने सांगितलं, अशा तक्रारींसाठी पडद्यावर 'ग्राहकाची चूक' असा रकाना आहे, त्यात टाका, म्हणजे आकडा खाली येत नाही. टाकल्या.

एक मोठी सोय झाली. बाबांना रोज फोन करावा लागत नाही. त्यांची हिरवी खूण मेसेज गेल्या गेल्या येते, सगळ्यांच्या आधी. टिंग. जेवले, ठीक आहेत, मी माझ्या कामाला. आधी या फोनमध्ये किती वेळ जायचा. तेच तेच प्रश्न आणि तीच तीच उत्तरं, वर डेपोतल्या गोष्टी.

९ मार्च, रविवार

आज डबा घेऊन मीच बाबांकडे गेले, आणि खोली झटकायला घेतली. खुर्चीच्या गादीखाली, सदऱ्याच्या खिशात, देवघेवीच्या कागदांच्या खणात, सगळीकडे लिमलेटच्या गोळ्या. आणि त्यांच्या रिकाम्या वेष्टनांचा ढीग. माझा मधुमेही बाप मुठी भरभरून साखर खातोय, आणि मी इकडे त्यांच्यासाठी भाताचा दाणा दाणा मोजतेय.

मी खूप बोलले. आईची शपथ घातली. ते खाली बघत राहिले, चोरी करताना सापडलेल्या पोरासारखे.

"कशाला खाता, बाबा?"

"तोंड कोरडं पडतं."

"तोंड कोरडं पडलं तर पाणी प्या."

"दुपारी जरा गळल्यासारखं होतं गं कधीकधी."

"एवढ्या गोळ्या खाल्ल्यावर होणारच."

सगळं पिशवीत भरून घेऊन आले. खालच्या दुकानदारालाही सांगून आले की यांना गोळ्या द्यायच्या नाहीत. आपण बाबांना ओळखतो असं मी समजत होते. निघताना दारात म्हणाले, "हल्ली फोन नाही करत दुपारचा." मी म्हटलं, "तुमची हिरवी खूण येते ना." "हो, ते आहेच," म्हणाले.

१३ मार्च, गुरुवार

दुपारी बाबांचा फोन. मला आईच्या नावाने हाक मारली. जीभ जड वाटत होती, आणि विनाकारण चिडले होते, भांडी कुठे ठेवलीस म्हणून. तासाभराने परत केला तर अगदी नेहमीसारखे. "झोपेत होतो." त्यांच्या वयाचे सगळेच असे विसरायला लागतात, पण आपल्या बापावर ती वेळ येते तेव्हा कळतं. नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखव. दाखवीन. बाईंची सही होऊ दे.

१७ मार्च, सोमवार

झालं. दवाखान्याच्या बाईंनी कराराच्या कागदावर सही केली. स्वयंपाकघरात सगळ्यांना सांगितलं, आचाऱ्याने डाव वाजवला, बायका हसल्या. काका आणि लांब्या अंगणातच थांबले.

बाबांना सांगायला फोन केला. "मला माहीत होतं तू करशील," म्हणाले. मग विचारलं, "आता तो लाल-हिरवा प्रकार बंद होणार का?" मी म्हटलं, आता तर कायमचा सुरू. "बरं, बरं."

१८ मार्च, मंगळवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. हात चालत नाहीये, पण नुसतं बसवतही नाही.

दुपारी बाबांची हिरवी खूण आली. मी पाहिली. मी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. त्यानंतर बऱ्याच वेळाने त्यांच्या शेजारीणबाईंचा फोन आला, बाबा दाराशी खुर्चीत बसले आहेत, हाक मारली तर बोलत नाहीत, अंग घामाने भिजलंय, हातात फोन.

डॉक्टर तरुण आहे. म्हणाला, "इंजेक्शन घेऊन जेवलेच नाहीत का हे?" मी म्हटलं, जेवलेत. तो म्हणाला, साखर इतकी खाली आहे की पोटात काही गेलेलं दिसत नाही. मी पुन्हा म्हटलं, जेवलेत हो, डबा पोहोचलाय, आणि फोन काढून त्याच्या समोर धरला. हिरवी खूण दाखवली. सलाईन लावलेल्या बापाच्या उशाशी उभी राहून मी डॉक्टरला खूण दाखवत होते. त्याने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि नर्सला हाक मारली.

शेजारीणबाई बाबांचा चष्मा आणि कपडे घेऊन आल्या. त्या बोलत गेल्या आणि माझ्या तोंडचं पाणी पळत गेलं. "गेले काही दिवस दुपारी येऊन चमचाभर साखर मागून नेत होते हो. आज मी बँकेत गेले होते. आल्यावर बघते तर हे असे." आणि मग, "डबा तर अँब्युलन्स गेल्यावर आला. तुमचे ड्रायव्हर घेऊन आले, त्यांना मी सांगितलं तर जिन्यातच बसले ते."

अँब्युलन्स गेल्यावर. माझ्या पडद्यावर तो कधीच पोहोचला होता.

डॉक्टर म्हणतो वेळेवर आणलं. अजून डोळे उघडलेले नाहीत. मेंदूला किती इजा झाली ते उघडल्यावर कळेल.

१९ मार्च, बुधवार

नवरा बाबांपाशी बसला आणि मी स्वयंपाकघरात आले. कोणाशी बोलले नाही. खोलीत जाऊन पडद्यासमोर उभी राहिले. ठिपके पूल ओलांडून गेले होते. सगळे एका घोळक्यात. एका घरापाशी थांबायचे, सगळेच्या सगळे, मग पुढच्या घराकडे. याआधी मी हे हजारदा पाहिलं असेल. दोन गाड्यांचे ठिपके एकाच दारात कसे थांबतात, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. मी फक्त रंग बघत होते.

आणि तेवढ्यात हॉर्न वाजला. पडद्याच्या मागून.

मी धावत अंगणात गेले. काकांची गाडी उभी होती. मागचं दार उघडं, आणि आत रांगेने डबे. एक उचलला, उलटा केला. बुडाशी टिकली नव्हती, डिंकाचा गोल डाग होता. डबा हातात गरम लागत होता.

"काका, ही गाडी पडद्यावर पुलाच्या पलीकडे आहे."

त्यांनी हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले. "टिकल्या पलीकडे आहेत, ताई. लांब्या पिशवीत घालून पुढे जातो, सगळ्या पत्त्यांवरून फिरून येतो. डबे मागून आम्ही नेतो."

"कधीपासून?"

"माझी फेरी काढलीत त्याच्या पुढच्या आठवड्यापासून."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की. इंजिन सांगितलं, पूल सांगितला. तुम्ही पडदा दाखवलात." त्यांचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "तुम्हाला ठिपका वेळेवर हवा होता, तो दिला. पण डबा एकही बुडवला नाही, ताई. जमेल तितक्या लवकर प्रत्येकाच्या हातात दिला. गाडी भरभर नेण्यात जितका वेळ वाचायचा तो टिकल्या काढण्यात आणि परत चिकटवण्यात जायचा, म्हणून तर आणखी उशीर व्हायला लागला."

"बाबा मेसेज आला की इंजेक्शन घेत होते, काका. मीच सांगितलं होतं."

ते गाडीच्या पायरीवर बसले. तोंडावर हात ठेवला. मला वाटतं रडत होते, पण मी नीट बघू शकले नाही. मग म्हणाले, "मला इंजेक्शनचं ठाऊक नव्हतं हो. मी रोज त्यांना म्हणायचो, बाबा, उशीर झाला, माफ करा. ते म्हणायचे, असू दे, पूल बंद आहे त्याला तुम्ही काय करणार. आणि ताईला काही बोलू नका म्हणायचे, तिला त्रास होईल."

मी काय ओरडणार होते, आणि कोणावर? आचारी दारात उभा होता, बायका नळ बंद करून उभ्या होत्या. सगळ्यांना माहीत होतं. अंगणात रोज घडत होतं. मला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

मी म्हटलं, "डबे थंड होतायत. निघा."

२० मार्च, गुरुवार

घरी त्या गोळ्यांची पिशवी सापडली. मी जप्त करून आणलेली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून तिच्याकडे बघत बसले. याच त्यांना रोज उठवून बसवत होत्या.

२१ मार्च, शुक्रवार

डोळे उघडले. मला ओळखलं. चमच्याला 'ते, हे, ढवळायचं' म्हणाले. डॉक्टर म्हणतो शब्द परत येतील, बहुतेक सगळे. त्या 'बहुतेक'ने मला रात्रभर झोप लागली नाही.

२४ मार्च, सोमवार

आज बऱ्यापैकी बोलले. मी विचारायचं नाही असं ठरवून गेले होते आणि बसल्या बसल्या विचारलं.

"डबा आलेला नसताना हिरवी का दाबत होतात, बाबा?"

ते चादरीची किनार चाचपत होते. "तू रागावली होतीस ना एकदा. लाल दाबलं तेव्हा."

"मी चुकले होते. पण मग मला फोन करून सांगायचंत."

"सांगितलं असतं तर तुझा आकडा पडला असता." मग शब्द शोधत राहिले, मी थांबले. "आणि हिरवी दाबली की तुझा फोन यायचा. जेवलात का म्हणून. सुरुवातीला यायचा."

"मग फोन बंद झाल्यावर का दाबत राहिलात?"

"म्हटलं, एखाद्या दिवशी आला तर."

मी उठून खिडकीपाशी गेले. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरा कुणी हात दाखवत होता. मी त्या हाताकडे बघत राहिले. नंतर वळले तेव्हा त्यांना झोप लागली होती. मी घड्याळ पाहिलं, तर जेवणाची वेळ होती.

२ एप्रिल, बुधवार

दवाखान्याच्या बाईंना सगळं सांगितलं. टिकल्या, पिशवी, 'ग्राहकाची चूक' आणि बाबा. त्या ऐकताना माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मीच त्या खाटेवर आहे. करार रद्द. साहजिक आहे, मी असते तरी केला असता. दाराशी पोहोचवताना म्हणाल्या, "चुलीपासून सुरू करा परत, मग या." कधी यायचं ते सांगितलं नाही.

लांब्याला वाटलं होतं त्याला काढून टाकणार. मी त्याला पडदा काढायच्या कामाला लावलं. खिळे खोल गेले होते, काढताना भिंतीचा पोपडा निघाला. अंगण दिसायला लागलं. काकांच्या गाडीचं इंजिन उघडून बघितलं तर खरोखरच जुनाट झालंय. काल मी काकांच्या शेजारी बसून पूर्ण फेरी केली. पुलावर आम्ही इतका वेळ उभे होतो की काका बाटलीतलं पाणी इंजिनात ओतून परत आले तरी पुढची गाडी हलली नव्हती. ते काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं असं मला वाटत राहिलं.

टिकल्या परत डब्यांना लागल्या, पण उशिराचा नियम गेला. मेसेज बंद केला. चुली आता लवकर पेटतात. आचारी रोज मला ऐकू जाईल अशा बेताने जांभया देतो.

१४ एप्रिल, सोमवार

बाबा परवा स्वतःच्या घरी गेले. आमच्याकडे राहा म्हटलं तर पुन्हा ऐकू येईना. कानाला काही झालेलं नाही, हे डॉक्टरने तपासून सांगितलंय. शेजारीणबाईंकडे एक किल्ली दिली आहे. गोळ्या त्यांच्या खुर्चीच्या गादीखाली होत्या तिथेच परत ठेवून आले.

दुपारी फोन केला.

"जेवलात का?"

"नाही. डबा नाही आला अजून."

इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. डोळे आपोआप पडद्याकडे वळले, तिथे खिडकी होती. अंगण रिकामं, गाडी केव्हाच गेलेली.

"टोचलंत का?"

"नाही गं. डबा हातात आल्यावर."

"मी थांबते फोनवर."

"तुला कामं असतील."

"थांबते."

त्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, मधेच त्यांचा श्वास. एकदा म्हणाले, "आज पुलावर गर्दी असेल." मी म्हटलं, असेल. आचारी आत डोकावला, मी हाताने त्याला घालवलं. डेपोतली एक गोष्ट सांगू का, त्यांनी विचारलं. सांगा, म्हटलं. सांगता सांगता एक शब्द सापडेना, तर मी सुचवला नाही, त्यांना शोधू दिला.

मग त्यांच्या दाराची बेल वाजली. खुर्ची सरकली. काकांचा आवाज आला, "बाबा, उशीर झाला जरा." आणि बाबांचा, "झालाय खरा. ताईशीच बोलतोय, तिलाही सांगा."